घरचा जुना डेस्कटॉप बदलताना



मंडळाच्या गेल्या बैठकीनंतर चहा घेताना चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला, "घरचा कॉम्प्युटर फार जुना झाला आहे. आता काय करावं?" मी बँकेतून निवृत्त झालेला बी.कॉम. माणूस, संगणकातला तज्ज्ञ नव्हे. पण दिवाळीनंतर आमच्या घरी हेच प्रकरण झाले. त्यात मी एक मोठी चूक करता करता वाचलो. त्या चुकीचा अनुभव आणि त्यानंतर समजून घेतलेल्या गोष्टी इथे लिहितो आहे. आपल्यापैकी पुष्कळ घरांत 10-12 वर्षांचा डेस्कटॉप अजून टेबलावर आहे. त्यांना उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

आमचे यंत्र आणि माझी चूक

आमचा डेस्कटॉप 2013 सालचा. मुलगा बारावीत होता तेव्हा घेतला. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क. मुलगा नोकरीला बाहेर गेला आणि यंत्र माझ्याकडे आले. पेन्शनचा हिशेब, आयकराचे विवरणपत्र, मंडळाच्या वर्गणीची यादी, नातवंडांचे फोटो, सगळे त्यावर. गेली दोन वर्षे मात्र सकाळी बटण दाबायचे, पोहे खाऊन यायचे, तेव्हा कुठे पडदा तयार असायचा. मग डब्यातून अधूनमधून टक-टक आवाज यायला लागला.

बाजारात एका दुकानात गेलो. तिथला मुलगा म्हणाला, "अंकल, इसमें अब कुछ नहीं रखा. एक्सचेंज में दे दो, पंद्रह सौ काट दूँगा." मला सौदा बरा वाटला. नवीन यंत्राचे कोटेशन खिशात घालून घरी आलो आणि केबल काढायला बसलो. तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, नानांची वही यातच आहे ना?"

मी तसाच थांबलो. नाना म्हणजे माझे वडील. आमचे घराणे होळकरांच्या काळात इंदूरला कसे आले, कोण कुठल्या कारखान्यात कारकून होते, कोणाचे लग्न कुठल्या घरात झाले, असे 140 पानी टिपण त्यांनी उतारवयात लिहिले. 2014च्या हिवाळ्यात ते शेजारी बसून सांगत आणि मी रोज संध्याकाळी दोन पाने टाइप करीत असे. 2016 साली ते गेले. मूळ हस्तलिखित वह्या माळ्यावर वाळवीने खाल्ल्या. म्हणजे जगात त्या लेखनाची एकच प्रत उरली होती, आणि ती टक-टक करणाऱ्या डिस्कवर होती. मी ती 1500 रुपयांत द्यायला निघालो होतो.

म्हणून पहिला मुद्दा, बाकी सगळे विसरलात तरी हा लक्षात ठेवा: संगणक बदलणे म्हणजे डबा बदलणे नव्हे. आतली नोंद सुखरूप नव्या घरात नेणे, हे खरे काम. आयकराच्या नियमांत संगणकावर वर्षाला 40 टक्के घसारा धरतात. त्या हिशेबाने 35,000 रुपयांच्या यंत्राची किंमत 12 वर्षांनी साधारण 76 रुपये उरते. डब्याची किंमत तेवढीच. आतल्या मजकुराला घसारा लागत नाही.

खरोखर बदलायची गरज आहे का?

यंत्र हळू झाले म्हणजे ते मेलेच, असे नाही. आधी तपासणी करावी.

पहिली तपासणी वेगाची. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्स भागात डिस्कचा आकडा सारखा 100 टक्क्यांना चिकटलेला असेल, तर दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा असतो. या डिस्कमध्ये चकती फिरते आणि एक सुई जागा शोधत सरकते. एसएसडीत फिरणारा भागच नसतो, म्हणून ती कितीतरी वेगाने काम करते. जुन्या डेस्कटॉपला एसएसडी बसवली आणि रॅम 4ची 8 जीबी केली, तर यंत्र ओळखू येणार नाही इतके चपळ होते. खर्च नव्या यंत्राच्या मानाने थोडका.

दुसरी तपासणी घड्याळाची. रोज सुरू केल्यावर तारीख मागे जात असेल, आणि त्यामुळे बँकेची वेबसाइट सुरक्षेची चूक दाखवून उघडत नसेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. तो 3 व्होल्टचा असतो, सीआर 2032 नावाने मिळतो, किरकोळ किमतीचा. एवढ्यासाठी यंत्र टाकू नये.

तिसरी तपासणी विंडोजची, आणि सध्या हीच निर्णायक आहे. विंडोज 10चा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. याचा अर्थ यंत्र बंद पडले असा नाही. ते चालतेच. पण नव्याने सापडणाऱ्या त्रुटींवर जे सुरक्षेचे अपडेट दर महिन्याला येत, ते थांबले. घराला कुलूप आहे, पण कुलूप जुने झाले तर बदलून देणारा आता येत नाही, असे समजा. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने एक वर्षाची वाढीव मुदत ठेवली आहे. त्यासाठी सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर जाऊन नाव नोंदवावे लागते. ती मुदत 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहे. ज्या यंत्रावरून आपण बँकेचे व्यवहार करतो, त्याच्या बाबतीत हे हलके घेऊ नये.

विंडोज 11 जुन्या यंत्रावर चढेल का? त्यासाठी किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा, टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप आणि ठराविक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठवी पिढी किंवा त्यापुढची. प्रोसेसरच्या नावात आय-थ्री किंवा आय-फाइव्हनंतरचा आकडा पाहा. 3220 असेल तर तिसरी पिढी, 8100 असेल तर आठवी. म्हणजे साधारण 2017च्या अखेरीपूर्वीची यंत्रे बहुतेक बाद.

यावरून निर्णय असा करावा. यंत्र आठव्या पिढीचे किंवा पुढचे असेल, तर एसएसडी आणि रॅम घालून विंडोज 11 करावे, नवीन घेऊ नये. त्याहून जुने असेल आणि बँक-आयकराची कामे त्यावर करायची असतील, तर नवीन घ्यावे. जुने असेल पण फक्त वाचणे, भजने-नाट्यगीते ऐकणे, पत्र लिहिणे एवढेच काम असेल, तर एसएसडी घालून त्यावर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली टाकता येते. तिला अपडेट मिळत राहतात आणि पडदा विंडोजसारखाच दिसतो. फक्त घरात ती बसवून देणारा एक तरुण हात हवा.

मजकूर हलवणे, आणि अक्षरांचा घोटाळा

आता नानांच्या वहीकडे वळतो. फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि मुलगा सुटीवर आला होता, त्याच्या लॅपटॉपवर उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि आकडे यांची खिचडी! 140 पाने, एक शब्द वाचता येईना. सौ.ने विचारले, "गेलं का सगळं?" मला उत्तर देता आले नाही.

गेले नव्हते. पण असे का झाले, ते समजून घ्या. कारण 2010च्या आसपास किंवा त्याआधी ज्यांनी ज्यांनी मराठी टाइप केले, त्यांच्यापैकी पुष्कळांवर ही वेळ येणार आहे.

संगणक अक्षर साठवत नाही, क्रमांक साठवतो. जुन्या काळचे श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारखे फॉन्ट इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक वापरीत. क्रमांक इंग्रजी अक्षराचा, पण त्या जागी चित्र देवनागरीचे. फॉन्ट यंत्रात आहे तोवर मराठी दिसते. फॉन्ट नाही तिथे तेच क्रमांक इंग्रजी होऊन उभे राहतात. खातेवहीत नावाऐवजी नुसते कोड लिहावेत आणि कोडांची यादी दुसऱ्या कपाटात ठेवावी, तसे हे. कपाट भंगारात गेले की वही असूनही निरुपयोगी.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. 'अ'चा 2309, 'क'चा 2325, आपल्या 'ळ'चाही स्वतंत्र 2355. देवनागरीसाठी असे 128 घरांचे कोष्टक 1991 सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. त्यामुळे युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी कुठल्याही फोनवर, कुठल्याही देशात मराठीच दिसते.

मी केलेला उपाय क्रमाने सांगतो.

एक, जुने यंत्र चालू असतानाच त्याच्या विंडोजमधल्या फॉन्ट्स या फोल्डरमधून तो मराठी फॉन्ट पेन ड्राइव्हवर घेतला. हे आधी करायचे. यंत्र गेल्यावर फॉन्ट शोधणे जिकिरीचे, आणि एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांत फरक असतो.

दोन, जुन्या यंत्रावरच फाइल उघडून तिची पीडीएफ केली. पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रे आतच बांधली जातात, त्यामुळे फॉन्ट नसला तरी वाचता येते. ही फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडून खात्री केली. पहिले पान वाचले आणि जीव भांड्यात पडला.

तीन, त्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलणारे रूपांतरक इंटरनेटवर मोफत मिळतात. त्यातून दहा-दहा पाने काढली.

चार, पीडीएफ शेजारी ठेवून सगळे वाचून तपासले. रूपांतरक दोन ठिकाणी हमखास चुकतो. पहिली वेलांटी जुन्या पद्धतीत अक्षराच्या आधी टाइप होई, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचे उलट. 'धर्म' शब्दात जुना रफार 'म'नंतर चढवीत, युनिकोडमध्ये 'र्' आधी, 'म' नंतर. त्यामुळे 'किर्लोस्कर', 'कार्तिक' असे शब्द मोडतात. आमच्या टिपणात 'होळकर' सगळीकडे नीट आले, पण 'अहिर्वार' आणि 'सर्वाधिकारी' यांनी घाम काढला. रोज पाच पाने, महिनाभर बसलो. खरे सांगायचे तर नानांनी काय लिहिले होते, ते मी या निमित्ताने पहिल्यांदा नीट वाचले. टाइप करताना माणूस अक्षरे पाहतो, अर्थ नाही.

यापुढे मराठी टाइप करायचे तर युनिकोडमध्येच करावे. विंडोजमध्येच मराठी कळफलक असतो. इनस्क्रिप्टची सवय नसेल तर इंग्रजी अक्षरांनी उच्चारानुसार लिहायचा मराठी फोनेटिक कळफलकही 2019 पासून आत दिलेला आहे. वेगळे काही विकत घ्यायला नको.

तीन प्रती

बँकेत आम्ही बॅकअपची एक प्रत शाखेबाहेर ठेवीत असू. शाखेला आग लागली तर दोन्ही जळू नयेत म्हणून. घरासाठीही नियम तोच: महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आमच्याकडे एक प्रत यंत्रात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर कपाटात, तिसरी मुलाकडे. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यासाठी ठीक, पण कायमचे जपून ठेवण्यासाठी त्यावर विसंबू नये. आणि डिस्क टक-टक करू लागली असेल तर आधी प्रत घ्या, मग दुरुस्तीचा विचार. त्या आवाजानंतर ती किती दिवस चालेल, याची हमी कोणी देत नाही.

नवीन घेताना

आपल्या घरगुती कामासाठी फार महागडे यंत्र लागत नाही. मी या गोष्टी पाहिल्या.

प्रोसेसर गेल्या तीन-चार वर्षांतला असावा. दुकानात "आय-सेव्हन है, सस्ते में" म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचे वापरलेले यंत्र दाखवतात. नाव मोठे, पण विंडोज 11च्या यादीत नाही. पिढी विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. रॅम 8 जीबी चालते, 16 असेल तर पुढची आठ वर्षे बघायला नको. एसएसडी 512 जीबी पुरे. जुन्या यंत्राची रॅम नव्यात बसत नाही, खाचा वेगळ्या असतात.

जुना मॉनिटर चांगला असेल तर ठेवावा, पण मागची जोडणी पाहावी. जुन्याला निळ्या टोकाची व्हीजीए असते, नव्या यंत्रात पुष्कळदा फक्त एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट. मध्ये एक छोटे अडॅप्टर लागते. नव्या यंत्रात सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह नसतो. मुंजी-लग्नाच्या सीडी घरात असतील, तर यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह घ्यावा किंवा जुन्या यंत्रावरच त्या उतरवून घ्याव्यात. जुना प्रिंटर विंडोज 11वर चालतो का, हे कंपनीच्या वेबसाइटवर आधी पाहावे.

डेस्कटॉप की लॅपटॉप? माझे मत, साठीपुढच्या माणसाला मोठा पडदा आणि वेगळा कळफलक मानेला बरा. आता हाताच्या पंजाएवढे मिनी पीसी मिळतात. ते मॉनिटरच्या मागे बसतात आणि वीजही कमी खातात. मी तोच घेतला. फक्त यूपीएस विसरू नये. जुन्या यूपीएसची बॅटरी तीन-चार वर्षांत थकते. वीज गेली की लगेच बंद पडत असेल, तर बॅटरी तेवढी बदलून घ्यावी.

बिल पक्के घ्यावे. संगणकावर 18 टक्के जीएसटी आहे. "बिना बिल के" स्वस्त सांगणाऱ्याकडे वॉरंटीही बिनाबिलाचीच असते. विंडोजचा परवाना अधिकृत आहे हे बिलावर लिहून घ्यावे.

एक महत्त्वाचे. नव्या विंडोज 11 यंत्रांत डिस्कवरचा मजकूर पुष्कळदा आपोआप कुलूपबंद होतो. त्याची 48 अंकी रिकव्हरी किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाते. सुरुवातीला यंत्र लावून देणारा मुलगा स्वतःचेच खाते घालून मोकळा होतो. तसे होऊ देऊ नका. खाते स्वतःचे करा, किल्ली कागदावर छापून बँक लॉकरच्या कागदांत ठेवा आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.

महिनाभर दोन्ही चालू ठेवा

बँकेत संगणक आले तेव्हा आम्ही एकदम खातेवह्या बंद केल्या नव्हत्या. काही काळ वही आणि संगणक दोन्हीवर नोंद, संध्याकाळी ताळा. तेच घरी करावे. नवीन यंत्र आल्यावर जुने निदान एक महिना काढू नये. त्या महिन्यात काय राहिले ते आपोआप कळते. मला तिसऱ्या दिवशी ब्राउझरमध्ये जतन केलेले पासवर्ड आठवले, दहाव्या दिवशी जुन्या ई-मेलचा साठा, विसाव्या दिवशी मंडळाच्या 2015च्या स्मरणिकेचे फोटो. सगळे जुन्या यंत्रावर सापडले, कारण ते अजून टेबलाखाली होते.

निरोप देताना

फाइल डिलीट केली म्हणजे पुसली गेली असे नाही. खातेवहीची अनुक्रमणिका फाडली तरी आतली पाने राहतात, तसे. झटपट फॉरमॅटही तेवढेच करतो. आपले पॅन, आधार, पासबुकाच्या प्रती त्यात असतात. म्हणून सगळ्यात सोपा मार्ग, यंत्र कोणालाही देताना हार्ड डिस्क काढून घ्यावी. दोन-चार स्क्रू असतात. चालू असेल तर यूएसबी केसमध्ये घालून ती जास्तीची प्रत म्हणून राहते. बिघडली असेल तर ती खोलून चकतीवर ओरखडे पाडावेत किंवा ती फोडावी.

उरलेला डबा भंगारवाल्याला देऊ नये. त्यात शिसे आणि इतर विषारी धातू असतात, आणि तो ते उघड्यावर जाळतो. ई-कचऱ्याचे 2022चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. त्यानुसार तो नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे गेला पाहिजे, आणि उत्पादक कंपन्यांवरही परत घेण्याची जबाबदारी आहे. ओला-सुका वेगळा करायला आपण इंदूरकरांनी देशाला शिकवले. मग संगणक तरी साध्या कचऱ्यात का टाकावा?

थोडक्यात यादी

यंत्र घराबाहेर जाण्यापूर्वी हे तपासा:

1. कागदपत्रे, फोटो, डेस्कटॉपवरच्या आणि डाउनलोड्समधल्या फाइली
2. जुने मराठी फॉन्ट, आणि त्या फॉन्टमधल्या फाइलींच्या पीडीएफ
3. ई-मेलचा साठा, ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क
4. आयकराची मागची विवरणपत्रे, डिजिटल सहीचे सॉफ्टवेअर
5. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा आणि परवाना क्रमांक
6. सीडी-डीव्हीडीवरचे मुंजी-लग्नाचे चित्रीकरण
7. तीन प्रती झाल्या, आणि प्रत्येक प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिली
8. हार्ड डिस्क काढली

सातवा मुद्दा पुन्हा वाचा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेली रोकड.

नानांचे टिपण आता युनिकोडमध्ये आहे. चौदा प्रती छापून भावंडांना आणि पुतण्यांना पाठवल्या. पुण्याच्या आत्यांचा फोन आला, त्यांच्या लग्नाची तारीख नानांनी एक दिवस चुकीची लिहिली आहे म्हणून! ती दुरुस्ती करायला मला जेमतेम एक मिनिट लागले.

आपल्यापैकी कोणाकडे वडिलांचे, आजोबांचे असे काही जुन्या फॉन्टमध्ये अडकलेले असेल, तर मंडळात रविवारी सकाळी मी असतो. पेन ड्राइव्हवर फाइल आणि फॉन्ट दोन्ही घेऊन या. एकत्र बसून पाहू.

आपला,
मंडळाचा एक निवृत्त बँकवाला सभासद